अकरा मिनिटांनी धाकट्याचं विज्ञानकथाकारांना खुलं पत्र

विज्ञानकथा लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि त्यांना बक्षिसं देणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. तुमची कथा छपाईला जाण्याआधी तिच्यावरून शेवटची नजर फिरते ती माझी. गेली बावीस वर्षं तुमचे ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार, दोनदा पडलेल्या ओळी मी मुकाट्यानं सुधारत आलो. लेखकांना पत्रं लिहिणं मुद्रितशोधकाच्या कामात बसत नाही आणि बसूही नये. पण या खेपेला गप्प बसवेना.

निमित्त एका कथेचं. एका विशेषांकाच्या स्पर्धेत ती पहिली आली. तिचं, अंकाचं किंवा लेखकाचं नाव घेत नाही, कारण त्याच गठ्ठ्यात त्याच वळणाच्या आणखी चार कथा होत्या आणि माझं भांडण एकट्यादुकट्याशी नाही. कथा थोडक्यात अशी. साठीची गाजलेली गायिका, आवाज गेलेला. एक उद्योगपती तिनं ओठाला लावलेल्या कपावरून तिचा डीएनए मिळवतो. सहा महिन्यांनी रंगमंचाचा पडदा सरकतो आणि समोर तीच गायिका उभी, पंचविशीची. तोच आवाज, तीच गाणी, मान वेळावायची तीच लकब. खरी गायिका पहिल्या रांगेतून उठते, पर्समधून पिस्तूल काढते आणि क्लोनला गोळी घालते. टाळ्या. समाप्त.

प्रूफ वाचताना मी समासात दोन प्रश्नचिन्हं केली. पहिलं, 'सहा महिन्यांत पंचवीस वर्षं?' दुसरं शेवटच्या परिच्छेदापाशी, 'हा खून ना? पुढे पोलीस कसे आले नाहीत?' प्रूफ परत आलं तेव्हा दोन्हींवर लाल काट होती आणि खाली लिहिलं होतं, 'आशयाला हात लावू नये. फक्त शुद्धलेखन पाहावे.'

नेहमीसारखं मी फक्त शुद्धलेखन पाहिलं आणि अंक निघाला. पण ती गोळी काही डोक्यातून जाईना, कारण ती ज्याला लागली तो जवळजवळ मीच आहे.

सांगतो. माझा भाऊ अभिनेता आहे, छोट्या पडद्यावरचा, बऱ्यापैकी ओळखीच्या चेहऱ्याचा. आम्ही एकाच अंडपेशीतून झालेले जुळे. तो अकरा मिनिटांनी मोठा. जनुकांच्या हिशेबानं मी त्याचा क्लोन आहे, खरं तर तुमच्या कथांमधल्या क्लोनपेक्षाही जास्त. प्रयोगशाळेत क्लोन करताना केंद्रक, म्हणजे पेशीतला डीएनएचा मुख्य साठा, एकाचं असतं आणि अंडपेशी बहुधा दुसऱ्या कुणाची. त्या अंडपेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) तिचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो, तो मूळ माणसाच्या डीएनएशी जुळत नाही. आम्हा दोघांचा तोही जुळतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा हक्क मला आहे, असं मी समजतो.

एक प्रसंग सांगून मग तक्रारींकडे वळतो. काही वर्षांपूर्वी भावाला अचानक शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. त्याचा फोन माझ्या हातात होता. डॉक्टरांना त्याचे जुने रिपोर्ट हवे होते आणि ते फोनमध्ये होते. परवलीचा शब्द मला ठाऊक नव्हता. वेळ बघायला म्हणून मी फोन वर उचलला आणि तो उघडला. माझ्या चेहऱ्यानं. नर्स म्हणाली, 'बरं झालं.' पण रिपोर्ट ज्या कप्प्यात होते तो बोटाच्या ठशानं बंद होता. मी अंगठा टेकवला. फोन थरथरला. दुसऱ्या हाताचा अंगठा. पुन्हा थरथर. तर्जनी पुसून कोरडी करून टेकवली. मग त्यानं मला काही वेळासाठी बाहेरच काढलं. रिपोर्ट शेवटी वहिनीनं घरून आणले.

बोटांवरच्या रेषा गर्भात असतानाच उमटतात. त्यांचा ढोबळ घाट जनुकं ठरवतात, पण बारीक वळणं ठरतात ती गर्भाशयातल्या दाबानं, बाळाच्या हालचालींनी, बोट कसं आणि किती वेगानं वाढलं त्यावरून. एकाच पोटात एकमेकांना खेटून वाढलेल्या आम्हा दोघांच्या रेषा वेगळ्या निघाल्या. आणि तुमचा क्लोन वेगळ्या पोटात, वेगळ्या दशकात वाढूनही मान त्याच कोनात वेळावतो!

पहिली तक्रार वयाची.

क्लोन जन्माला येतो. शरीरातल्या एका पेशीचं केंद्रक घ्यायचं, स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत ते बसवायचं, विजेचा हलका झटका देऊन दोन्ही एकजीव करायचं, आणि भ्रूण वाढीला लागलंच तर ते गर्भाशयात ठेवायचं. पुढचं वेळापत्रक निसर्गाचं. मेंढीला पाच महिने, माणसाला नऊ. नंतर जे हाती येतं ते बाळ असतं, मानही न धरणारं. साठीच्या गायिकेचा क्लोन पंचविशीत पोचेल तेव्हा ती स्वतः पंच्याऐंशी ओलांडलेली असेल आणि तिच्या गाण्यांवर जीव टाकणारे बरेचसे श्रोते हयात नसतील. नफ्यासाठी हे करणारा उद्योगपती पाव शतक थांबेल का? थांबला तर तोवर त्या मुलीला कोण सांभाळेल, शाळेत घालताना कुणाचं नाव लावेल, तिला गाणं आवडलंच नाही तर काय करेल? कथा इथे आहे. तुम्ही ती 'सहा महिन्यांनी' या दोन शब्दांत उरकून टाकलीत.

कपाचंही तसंच. कपाच्या काठावरून डीएनए मिळतो हे खरं. त्यावरून गुन्हेगार ओळखता येतो. पण क्लोन करायला डीएनएचे तुकडे पुरत नाहीत, शाबूत केंद्रक लागतं. गळून पडलेल्या केसाच्या दांड्यात तर केंद्रक नसतंच, म्हणून कंगव्यावरच्या केसांच्या कथाही बाद. अगदीच सोय हवी असेल तर शीतपेटी वापरा. सोळा वर्षं गोठून पडलेल्या उंदरांच्या पेशींतली केंद्रकं वापरून जपानी संशोधकांनी २००८ साली क्लोन केल्याची नोंद आहे. मोफत सल्ला देतोय, घ्या.

दुसरी तक्रार, तुम्ही प्रसिद्धी गुणसूत्रांत घालता.

प्रौढ पेशीपासून क्लोन झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणजे डॉली मेंढी. स्कॉटलंडच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी ती जन्मली. तिचं नावच एका सेलिब्रिटीचं आहे. पेशी कासेतली होती म्हणून संशोधकांनी भरदार बांध्याच्या डॉली पार्टन या अमेरिकी गायिकेवरून ते ठेवलं. विनोद जरा आंबट आहे, पण तो राहू द्या. पुढचं ऐका. त्याच कासेच्या, त्याच गोठवून ठेवलेल्या पेशींपासून पुढे आणखी चार मेंढ्या करण्यात आल्या आणि त्या इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला वाढल्या. त्यांची नावं डेबी, डेनिस, डायना आणि डेझी. २०१६ साली त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा वयाच्या मानानं त्या ठणठणीत होत्या. डॉली सहाव्या वर्षी फुप्फुसाच्या रोगानं गेली आणि आज एडिंबराच्या संग्रहालयात पेंढा भरून उभी आहे. पाच मेंढ्या, जनुकं एकच. त्यातली एक जगभर गाजली आणि चौघींची नावं मी सांगेपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हती. गाजणं जनुकांत असतं तर डेबीनं कुणाचं घोडं मारलं होतं?

टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं, त्याचं नाव सीसी. ज्या मांजरीपासून ते केलं तिच्या अंगावर पांढऱ्या-काळ्याबरोबर नारिंगी ठिपके होते. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूस नव्हता. नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. अशा मांजरींमध्ये प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निद्रिस्त होतं, आणि कोणतं होणार हे नशिबावर सोडलेलं असतं. साधी कातडी नकलता येईना, आणि तुम्ही गळ्यातली हरकत नकलायला निघालात. अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडनं आपल्या मेलेल्या कुत्रीचे क्लोन करून घेतल्याचं २०१८ साली सांगितलं, तेव्हा दोन्ही पिल्लांचे स्वभाव वेगवेगळे असल्याचंही तिनंच सांगितलं होतं. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला हे कळलं, लेखकांना कधी कळणार?

माझाच अनुभव सांगतो. एकदा भाऊ तापानं पडला आणि चित्रीकरण अडलं. पाठमोरा शॉट होता, दारापासून खिडकीपर्यंत चालत जायचं आणि पडदा सारायचा. मला बोलावलं. त्याचे कपडे मला अंगासरशी बसले, त्याच्या चपला बसल्या, मेकअपवाल्याच्या हाताला फरक कळला नाही. मी चाललो. पुन्हा चाललो. सातव्या वेळी दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. 'चेहरा आहे हो,' तो म्हणाला, 'माणूस नाहीये.' मी जन्मभर खुर्चीत बसून कागदावर वाकलेला गृहस्थ, माझी पाठ तसंच बोलत होती. शेवटी कॅमेऱ्याच्या एका मदतनिसाला उभं केलं. तो आमच्यापेक्षा बोटभर उंच, पण दोन वर्षं रोज भावाला चालताना बघत आलेला. दुसऱ्या टेकला शॉट ओके झाला.

आपल्याकडेच बघा ना. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची कथा पहिली आली. ते होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. नावाचं वजन त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं, कथा कथा म्हणून वाचली जावी एवढ्याचसाठी. क्लोनची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. त्यात सगळं वजन नावाचंच, आणि ते पेलणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही.

तिसरी तक्रार बायकांची आहे. खरं तर ती एखाद्या बाईनं मांडायला हवी, पण तुमच्या कथांमध्ये ती बोलायलाही नसते.

डॉलीसाठी २७७ अंडपेशींवर प्रयोग झाला. त्यातून २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले गेले आणि एक कोकरू जगलं. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या दुग्धसंशोधन संस्थेत २००९ साली क्लोन केलेली पहिली रेडी जन्मली, तिचं नाव समरूपा. ती काही दिवसांतच दगावली. माणसाच्या त्याहून जवळचा प्राणी म्हणजे माकड. २०१८ साली चिनी संशोधकांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन पिल्लांची बातमी दिली. त्यासाठी ७९ भ्रूण २१ माद्यांच्या पोटात ठेवले होते. आणि तेही गर्भातल्या पेशींपासून केलेले. प्रौढ माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा ४२ माद्यांमधून दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लवकरच मेली. सेलिब्रिटी म्हणजे प्रौढच असणार, तेव्हा तुमच्या कथेला लागू पडतो तो दुसरा आकडा.

हे माणसावर आणा. अंडपेशी देणाऱ्या कितीतरी बायका, त्यांना टोचलेली संप्रेरकं, पोटं वाढलेल्या आणि पोटं रिकामी झालेल्या चाळीसेक बायका, हातात न लागलेली मुलं. तुमच्या कथांत काचेची नळी असते, त्यात निळसर द्रव असतो, बुडबुडे येत असतात. त्या नळीत तुम्ही या सगळ्या जणी बुडवल्यात. डिसेंबर २००२ मध्ये एका पंथाशी जोडलेल्या कंपनीनं मानवी क्लोन जन्मल्याचं जाहीर केलं होतं. पुरावा कधीच दिला नाही. तेव्हाही बाळाचं नाव सगळीकडे छापून आलं, बाईचा पत्ता नव्हता.

चौथी तक्रार माझी स्वतःची आहे, म्हणून जरा लांबेल.

गेल्या वर्षी एका निर्मितिसंस्थेनं भावाला स्कॅनसाठी बोलावलं. मी सोबत गेलो. गोल खोली, भिंतभर कॅमेरे, मधोमध एक स्टूल. 'हसा. अर्धं हसा. भुवया वर. आता 'ओ' म्हणा.' दोन तास हे चाललं. पुढे भाऊ नसेल तेव्हा, आजारी असेल तेव्हा, म्हातारा झालेला असेल तेव्हा पडद्यावर हा साठवलेला भाऊ काम करणार. तंत्रज्ञ मुलगा हसतमुख होता. माझ्याकडे बघून म्हणाला, 'तुम्हीपण बसा की सर, बॅकअप होईल.' सगळे हसले. मीही हसलो.

करार भावानं माझ्याकडे दिला, 'तू वाचतोस ना बारीक, बघ जरा.' मी वाचला. 'कलाकाराचे मुखसादृश्य, आवाज व हालचाली, आज ज्ञात असलेल्या तसेच भविष्यात विकसित होणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी.' 'मुखसादृश्य'मधला जोडाक्षराचा घोळ मी दुरुस्त केला, एक विसर्ग काढला, आणि करार परत दिला. भावानं सही केली. परतीच्या वाटेवर, गाडीच्या काचेत स्वतःकडे बघताना लक्षात आलं की विकला गेलेला चेहरा माझाही आहे. सही त्याची, मोबदला त्याचा, आणि उद्या ते सादृश्य कुठल्या औषधाची किंवा पक्षाची जाहिरात करू लागलं तर चारचौघांत थांबवून जाब विचारला जाणार तो मला. माझी संमती घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या स्वतःच्या मनात आलं नाही, मग इतरांना काय बोल लावू?

नट-नट्या याबद्दल झोपलेले नाहीत. २०२३ साली हॉलिवूडचे कलाकार ११८ दिवस संपावर होते, आणि मागण्यांमध्ये डिजिटल प्रतिकृतीला संमती आणि मोबदला हा मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, आवाज, छबी आणि त्यांच्या खास ढंगातला 'झकास' हा उद्गारसुद्धा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई केली. योग्यच झालं. (झकास हा आपला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, हे जाता जाता. बोलायला अजून मुभा आहे.) पण या सगळ्या भांडणात एकच माणूस गृहीत धरलेला असतो. चेहरा एक, मालक एक. एका चेहऱ्याची दोन माणसं असतील तर काय, हा प्रश्न आमच्यासारख्या जुळ्यांपुरता म्हणून कुणी विचारत नाही.

क्लोनच्या बाबतीत तो मुख्य प्रश्न आहे. अशी मुलगी कल्पून बघा, जिच्या जन्माच्या तीस वर्षं आधी तिचा चेहरा कायमस्वरूपी विकला गेलाय. ती सज्ञान होते, कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीत उभी राहते आणि तिला नोटीस येते, की तुम्ही आमच्या मालकीचं सादृश्य विनापरवाना वापरत आहात. वापरत आहे म्हणजे काय, ते तिच्या मानेवर आहे! तिनं कोर्टात काय सांगायचं? आणि ज्या पेशीपासून ती आली ती तरी कुणाची? जॉन मूर नावाच्या रुग्णाच्या काढून टाकलेल्या प्लीहेपासून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींची मौल्यवान मालिका तयार केली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली ठरवलं की शरीराबाहेर गेलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी उरत नाही. म्हणजे पेशी गेली की आपली नाही, पण चेहरा विकला की तो कायमचा कंपनीचा. या दोन दगडांच्या मध्ये ती मुलगी उभी आहे. मला सुचतं ते तुम्हाला का सुचू नये? तुम्ही तर कल्पना लढवण्याचं काम करता.

आणखी एक. छापखान्यात लेखकाकडून आलेल्या मूळ मजकुराला 'कॉपी' म्हणतात. 'कॉपी आली का?', 'कॉपीशी ताडून बघा.' बाकीचं जग जिला नक्कल म्हणतं ती आमच्याकडे अस्सल. मी आयुष्यभर एका हातात कॉपी आणि दुसऱ्या हातात प्रूफ धरून बसलोय, आणि प्रूफात जे वेगळं ते चूक, हा आमचा धर्म. माणसाला तो लावायचा नसतो, हे मला घरातच शिकावं लागलं. लहानपणी आईला भेटायला येणारे आम्हाला शेजारी उभं करून फरक शोधायचे. याच्या कपाळावर खूण, त्याचा दात पुढे. फरक सापडला की त्यांना आनंद व्हायचा, जणू चूक पकडली. भाऊ टीव्हीवर दिसू लागल्यापासून खूण शोधतात ती फक्त माझ्यात. तो कॉपी, मी प्रूफ.

पाचवी तक्रार शेवटाची, आणि ती दोन ओळींत संपते. पाचही कथांमध्ये क्लोन शेवटी मरतो. दोनदा गोळी, एकदा आग, एकदा 'पेशी विघटित' होऊन, एकदा आत्महत्या. मारणारा एकाही कथेत तुरुंगात जात नाही. मानवी क्लोनिंगला जगानं जो विरोध केला, १९९७ च्या युनेस्कोच्या जाहीरनाम्यात किंवा २००५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या घोषणेत, तो मानवी प्रतिष्ठेच्या नावानं केला. क्लोन करू नका असं म्हणणारेही, झालेल्या क्लोनला मारा असं म्हणत नाहीत. ते फक्त तुम्ही म्हणता, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळतं.

आता मागण्या. फार नाहीत, आणि एकीलाही पैसे पडत नाहीत.

लेखकांनो, क्लोनला वय द्या. जन्मतारीख लिहा आणि कथेतल्या बाकीच्या तारखांशी ताडून बघा, वजाबाकीला पाच मिनिटं लागतात. तिला स्वतःचं नाव द्या, 'क्लोन क्रमांक दोन' हे नाव नव्हे. जिच्या पोटी ती आली त्या बाईला निदान एक वाक्य बोलू द्या. आणि क्लोनला त्या गुणात कच्चं असण्याची परवानगी द्या, बेसूर गाऊ द्या, गाणं सोडून हिशेब लिहू द्या. हयात असलेल्या खऱ्या कलावंताचा क्लोन कथेत आणायचा असेल तर आधी त्यांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर नाव काल्पनिक घ्या. कथा त्यानं बिघडत नाही.

संपादकांनो, विज्ञानकथा छापण्याआधी त्या विषयातल्या एका माणसाला वाचायला द्या. महाविद्यालयातला जीवशास्त्राचा कुठलाही शिक्षक चालेल. कथेतलं विज्ञान मुद्दाम मोडलं असेल तर हरकत नाही, पण ते मोडलंय हे लेखकाला ठाऊक असावं. आणि चित्रकाराला सांगा, निळी नळी पुरे झाली.

परीक्षकांनो, क्लोनला मारून संपणाऱ्या कथेला बक्षीस देताना निवेदनात लिहा की तो खून होता असं तुम्हाला वाटतं की नाही. हो किंवा नाही. एवढंच.

आणि ज्यांनी माझ्या प्रश्नचिन्हांवर काट मारली त्यांना वेगळी विनंती. मुद्रितशोधकाचं समासातलं प्रश्नचिन्ह लेखकापर्यंत पोचू द्या. त्यानं ते धुडकावलं तर माझी ना नाही, कथा त्याची आहे. पण त्याला दिसू तरी द्या.

माझ्या बाजूनं मी एवढं करू शकतो. क्लोनची कथा असेल तर तिची प्रुफं मी विनामोबदला तपासून देईन, शुद्धलेखनासकट. प्रुफं नेहमीच्याच पत्त्यावर पाठवा. पाकिटावर माझं नाव स्पष्ट लिहा. आमच्याकडे येणारी अर्धी पत्रं भावाची असतात आणि पोस्टमन आताशा मला बघून तीही माझ्याच हातात देतो.

आपला,
एक मुद्रितशोधक
(अकरा मिनिटांनी धाकटा)